वीकेंड, चिखल आणि हिरवं हेल्मेट

शुक्रवारची संध्याकाळ झाली, की ऑफिसमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो. वीकेंडला काय? कुणाचं मल्टिप्लेक्स ठरलेलं असतं, कुणाचं मुळशीचं रिसॉर्ट, तर कुणी नुसतंच लोळणार असतं. आता समजा शेजारच्या क्युबिकलमधल्या एखादीनं सांगितलं, की मी शनिवारी पहाटे उठून पावसात जंगलात जाणार, तिथं सात तास माती उपसणार, दगड ढकलणार आणि याचे मला शून्य रुपये शून्य पैसे मिळणार... तर तुम्ही तिच्याकडे कसं बघाल?

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे तसंच बघितलं होतं!

गोष्ट अमेरिकेतली आहे, सिएटलजवळची. "आल्या एनआरआय आम्हाला शिकवायला" असं म्हणू नका, कारण मी केव्हाच परत आले आहे आणि रोज तुमच्यासारखीच बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये अडकते. पण २०१७ ते २०१९ ही तीन वर्षं मी तिकडे होते, तेही एच-फोर व्हिसावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एच-वन म्हणजे ज्याला नोकरी आहे तो. एच-फोर म्हणजे त्याच्याबरोबर आलेली ती. कागदावरचा शब्द 'डिपेंडंट'. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना कामाचं परमिट मिळू लागलं, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीनकार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पुढे सरकलेलं लागतं. आमचं सुरूसुद्धा झालं नव्हतं. त्यामुळे हिंजवडीत पाच वर्षं टेस्टिंग लीड म्हणून सहा जणांच्या टीमला पळवणारी मी बेलव्ह्यूच्या एका अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत बसले होते. फोनचा प्लॅन नवऱ्याच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या नावावर. पार्टीत कुणी विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू?" की मी सरळ बाथरूम कुठे आहे ते विचारायचे.

नोकरी करता येत नव्हती, पण सेवाभावी संस्थेत बिनपगारी काम करायला बंदी नव्हती. लायब्ररीत झालं, फूड बँकेत झालं. आणि मग एका ट्रेकला, टायगर माउंटनच्या वाटेवर, हेल्मेट घातलेली दहा-बारा माणसं भेटली. चिखलात बरबटलेली आणि बेहद्द खूश! मला वाटलं सरकारी कामगार असतील. एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, आम्ही व्हॉलंटियर. तू पण ये की.

आधी सेफ्टी, मग धमाल, मग काम

त्या संस्थेचं नाव वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन. १९६६ मध्ये लुईस मार्शल नावाच्या बाईंनी ट्रेकर्ससाठी 'साइनपोस्ट' नावाचं एक पत्रक सुरू केलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. १९९३ पासून त्यांनी लोकांना गोळा करून जंगलातल्या वाटा दुरुस्त करायला आणि नव्या बांधायला सुरुवात केली. आज तिथले व्हॉलंटियर्स वर्षाला लाखाच्या वर तास काम करतात. अमेरिकेत ही परंपराच आहे म्हणा ना. ती प्रसिद्ध अ‍ॅपालेचियन ट्रेल, साडेतीन हजार किलोमीटरची, १९२१ मध्ये बेंटन मकाय यांनी कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली. तिची देखभाल आजही तीसेक क्लबांचे हजारो हौशी लोक वाटून घेऊन करतात. प्रत्येक क्लबला आपापला तुकडा. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखं, फक्त वर्गणी घामात.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये हजर झाले. हेल्मेट मिळालं, हातमोजे मिळाले आणि क्रू लीडर बाईंनी नियम सांगितले. आमची प्रायॉरिटी अशी: एक, सेफ्टी. दोन, मजा. तीन, जमलं तर थोडं काम. मला वाटलं जोक आहे. माझ्या करिअरमध्ये हा क्रम कायम उलटा होता आणि पहिल्या दोन गोष्टी तर अजेंड्यावरच नव्हत्या. पण बाई सीरियस होत्या. दर तासाभरानं खरोखर चॉकलेटं वाटत फिरायच्या! तिथल्या क्रू लीडर्सची ती खासियतच आहे.

मग हत्यारं. आणि इथं मला एकदम घरच्यासारखं वाटलं. ते ज्याला रॉक बार म्हणतात ती आपली पहार. ग्रब हो म्हणजे रुंद पात्याची कुदळच. घमेल्याऐवजी प्लॅस्टिकची बादली. मॅक्लाऊड नावाचं एक जडशीळ प्रकरण असतं, त्याच्या एका बाजूला दंताळं आणि दुसऱ्या बाजूला फावडं. सगळ्यात लाडकं म्हणजे पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. एड पुलास्की हा आयडाहोमधला फॉरेस्ट रेंजर. १९१० च्या भयंकर वणव्यात त्यानं आपल्या माणसांना एका खाणीच्या बोगद्यात नेऊन कोंबलं आणि सुमारे ४० जणांचे जीव वाचवले. पुढे हे हत्यार त्याच्या नावानं घराघरांत, म्हणजे जंगलाजंगलांत पोचलं. आजही वणवा विझवणारे आणि वाटा बांधणारे, दोघंही तेच वापरतात.

"यापूर्वी कधी पहार वापरली आहेस?" क्रू लीडरनं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आजोळी नारळ सोलायला वापरतात." त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मला तिथं पोचून दोन तास झाले होते आणि अजून कुणीही विचारलं नव्हतं, की तू काय करतेस, तुझा नवरा कुठे असतो.

सगळं भांडण पाण्याशी

तुम्हाला वाटत असेल, वाट बांधणं म्हणजे काय, झाडं तोडा, माती सपाट करा, झालं. मलाही तसंच वाटायचं. पण वाट म्हणजे ९० टक्के पाण्याचं गणित असतं, बॉस!

पाणी नेहमी सरळ उतार पकडतं. वाटही तोच उतार पकडून सरळ वर गेली, तर दोन-चार पावसाळ्यांत ती वाट राहत नाही, ओढा होतो. म्हणून वाट डोंगराला तिरकी कापत न्यायची. ढोबळ नियम असा, की डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्यापेक्षा वाट चढी नको आणि सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा मीटर चाललात तर एक मीटर वर. मग वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटीमीटर. डोळ्यांना कळतसुद्धा नाही, पण पाण्याला कळतं. वरून आलेलं पाणी वाट ओलांडून खाली निघून जातं, वाटेवरून चालत बसत नाही.

आता गंमत बघा. हजारो बूट त्यावरून गेले, की मधली माती दबते आणि बाहेरच्या काठाला एक छोटासा बांध तयार होतो. झालं! पाणी आत अडकलं, वाटेची पन्हळ झाली. आमचं निम्मं काम म्हणजे तो बांध फोडणं. उरलेलं निम्मं म्हणजे ठरावीक अंतरावर वाटेला दिलेले हलके खळगे साफ ठेवणं. वाट जरा उतरते आणि पुन्हा चढते, त्या तळाशी पाणी बाहेर पडतं. शरद ऋतूत मेपलची हाताएवढी पानं पडली, की हे खळगे तुंबतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी नालेसफाई होते ना (किंवा होत नाही), तेच.

आणि माती! वरचा काळाभोर, भुसभुशीत थर, ज्याला बागवाले सोनं म्हणतात, तो वाटेला विष. पानं-मुळं कुजून झालेला तो थर स्पंजसारखा पाणी धरतो. तो पूर्ण खरवडून खालची पिवळट खनिज माती उघडी करायची आणि तीच चोपून वाट करायची. माझा पहिला अख्खा दिवस यातच गेला. बारा जणांनी मिळून किती वाट केली असेल? शंभर फूटही नाही. घरी येऊन अंघोळ केली, कुकर लावायला हात वर जाईना. नवऱ्यानं खिचडी केली. लग्नानंतर पहिल्यांदा! (रिवॉर्ड नंबर एक.)

पुढं काय काय शिकत गेले. दलदल असली, की दोन्ही बाजूंना ओंडके टाकून मध्ये दगड-माती भरून वाट उचलून घ्यायची. अगदीच पाणी असलं, की सीडारच्या लाकडाचा साकव. सीडार कुजायला वेळ लागतो म्हणून तो. आणि दगडी पायऱ्या. त्याचा तर मला नादच लागला. दीडशे किलोचा दगड चार बायका पहारींनी इंचाइंचानं सरकवतात, अर्धा तास लागतो. बसवला, की त्यावर उभं राहून चक्क नाचायचं. जरा जरी हलला, तर काढा बाहेर, खालचा खड्डा पुन्हा नीट करा. मी टेस्टर! दगड पास करण्याचं काम दोन-तीन खेपांनंतर आपोआप माझ्याकडे आलं.

जिथं कायद्यानं 'वाइल्डरनेस' घोषित केलेलं जंगल आहे, तिथं १९६४ च्या कायद्यामुळे इंजिनाचं हत्यार चालत नाही. वादळात वाटेवर आडवा पडलेला चार फूट जाडीचा डग्लस फर दोघांनी धरायच्या लांबलचक करवतीनं कापतात, तेही ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट असलेल्या माणसाच्या नजरेखाली. एकदा नवऱ्याला ओढून नेलं होतं. तिथलं पहिलं वाक्य, "ढकलायचं नाही, फक्त ओढायचं, ढकललं की पातं वाकतं." आम्ही दोघं एकमेकांकडे बघून जे हसत सुटलो, ते त्या बिचाऱ्या ट्रेनरला शेवटपर्यंत कळलं नाही.

मेलबॉक्सची वाट

वाट नीट बांधली नाही तर काय होतं, हे बघायचं असेल तर मेलबॉक्स पीक. नॉर्थ बेंड गावाजवळचा डोंगर, माथ्यावर खरंच एक पत्रपेटी आहे. जुनी वाट कुणी आखलेली नाही, लोकांनीच नाकासमोर चढून पाडलेली. साधारण चार किलोमीटरांत बाराशे मीटर चढ. म्हणजे सिंहगडावर आतकरवाडीकडून चढून लगेच त्याच्या डोक्यावर आणखी एक सिंहगड! माती वाहून गेली, मुळं उघडी पडली, लोक वाट चुकायचे, पाय मोडायचे आणि रेस्क्यू टीमला बोलवावं लागायचं. शेवटी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यानं नवी वाट आखली. ती २०१४ मध्ये खुली झाली. डोंगर तोच, पण वळणं घेत घेत साडेसात किलोमीटर. त्यात व्हॉलंटियर्सचे हात भरपूर लागले.

मी तिथं डागडुजीला दोनदा गेले होते. गंमत म्हणजे येणारे-जाणारे जवळजवळ सगळे थांबून म्हणतात, "थँक यू फॉर युअर वर्क." चौदा वर्षांचं पोरगं म्हणतं, कुत्रं घेऊन पळणारी बाई धापा टाकत म्हणते. पाच वर्षांच्या नोकरीत, पाच अ‍ॅप्रेझल्समध्ये मिळून मी हे वाक्य एवढ्या वेळा ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला "नो, नो, इट्स ओके" म्हणत होते. मग शेजारचे आजोबा, बोइंगमधून रिटायर झालेले इंजिनियर, हळूच म्हणाले, "त्यांना 'यू आर वेलकम' म्हण. काम तू केलंयस."

आमची टोळी म्हणजे भेळ असायची. हे आजोबा, शाळेच्या सेवातासांसाठी आलेली दोन कंटाळलेली पोरं (दुपारपर्यंत कुदळीवरून भांडायला लागायची), सोमवार ते शुक्रवार स्क्रीनसमोर बसणारे आयटीवाले तर ढिगानं. एकजण म्हणाला, आठवडाभर मी जे करतो ते पुढच्या रिलीजला डिलीट होतं. ही पायरी मात्र माझ्यानंतरही राहील. डबा खाताना माझा चिवडा फिरायचा. थालीपिठाला त्यांनी 'पॉवर पॅनकेक' नाव ठेवलं, मी हरकत घेतली नाही.

दोन दिवस काम केलं, की वनखात्याच्या जागांवर पार्किंगला लागणारा वर्षाचा तीस डॉलरचा पास फुकट. ही माझी अमेरिकेतली पहिली कमाई. अर्थात कमाई म्हणायचं नाही, व्हिसा ऑफिसर वाचत असेल!

आणि पाच दिवस पूर्ण झाले, की स्वतःचं हेल्मेट. हिरवं, समोर नाव लिहिलेलं. ऑक्टोबरची सकाळ होती, पाऊस भुरभुरत होता. क्रू लीडरनं सगळ्यांसमोर बोलावलं, माझ्या नावाचा उच्चार दोनदा विचारून बरोबर केला आणि हेल्मेट दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता एवढंसं प्लॅस्टिकचं टोपडं, त्यात काय एवढं? पण त्या देशात येऊन दहा महिने झाले होते आणि माझं नाव, नुसतं माझं, पुढे-मागे 'वाइफ ऑफ' नसलेलं, मी पहिल्यांदाच कुठल्यातरी वस्तूवर बघत होते. मी वळून बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. सांगायची गोष्ट अशी, की पुढच्या पार्टीत कुणीतरी "व्हॉट डू यू डू" विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आय बिल्ड ट्रेल्स." समोरचा म्हणाला, "वॉव." आणि पुढचा अर्धा तास मी ड्रेनेजवर बोलत होते. नवऱ्यानं शेवटी कोपरखळी मारली.

हे सगळं गुलाबी नव्हतं, हेही सांगते. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, हात गारठून बधिर होतात. डेव्हिल्स क्लब नावाच्या काटेरी झुडपाचे बारीक काटे आठवडाभर बोटांतून काढत बसायला लागायचं. आणि सोमवारी सकाळी नवरा ऑफिसला गेला, दार लागलं, की ती शांतता असायचीच. शनिवार मिळाला म्हणून ती जात नाही. फक्त मंगळवार-बुधवारपासून पुढच्या शनिवारची वाट बघता यायची.

"तीन वर्षं काय करत होतात?"

२०१९ च्या शेवटी परत आलो. इंटरव्ह्यू सुरू झाले आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, हा गॅप कसला? मी सीव्हीत स्पष्ट लिहिलं होतं, 'व्हॉलंटियर ट्रेल वर्क, तेहतीस दिवस'. एका कंपनीत एचआरच्या मुलीनं ते वाचून "ओह, सो हॉबी" म्हटलं आणि पान उलटलं. दुसऱ्या ठिकाणी पॅनलवर एक ट्रेकर निघाला. त्यानं वीस मिनिटं फक्त दगडी पायऱ्यांबद्दल विचारलं. बारा अनोळखी लोक, त्यांतले निम्मे पहिल्यांदाच आलेले, सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी, आणि दुपारपर्यंत कुणाला न लागता काम पूर्ण करायचं. हे टीम मॅनेजमेंट नाही तर काय आहे? नोकरी लागली. पगार मात्र जुन्यापेक्षा कमी, ग्रेडही एक पायरी खाली. तेवढं चमत्कारिक जग अजून झालेलं नाही.

पण डोळे बिघडले ते बिघडलेच. आता सह्याद्रीत गेलं, की मला व्ह्यू दिसत नाही, पाणी कुठून वाहतंय ते दिसतं. सिएटल म्हणजे पावसाचं शहर म्हणतात, तिथं वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पडतो. आपल्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर, तोही चार महिन्यांत! आणि बरोबर त्याच चार महिन्यांत आपण सगळे हजारोंनी गडांवर जातो. नागमोडी वाट सोडून वळणं तोडत सरळ उतरतो, चिखल दिसला की कडेकडेनं जातो आणि दोन फुटांची वाट दहा फुटांची करतो. तो घसारा, ज्यावर घसरल्याचे व्हिडिओ आपण टाकतो, तो बऱ्याच ठिकाणी आपल्याच बुटांनी केलेला असतो. जुन्या माणसांना हे कळत होतं. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या बघा, नाणेघाटाची दगडी वाट बघा. त्या बांधणाऱ्याला पाणी कळत होतं.

आपल्याकडे दुर्गसंवर्धनाच्या मोहिमांना जाणारी पोरं टाकी उपसतात, पायऱ्या मोकळ्या करतात, वीकेंडला, स्वतःच्या खर्चानं. मी दोन मोहिमांना गेले, मेहनतीत ती सिएटलवाल्यांना कुठंच कमी नाहीत. २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. म्हणजे गर्दी वाढणार. पण गडावरच्या दरवाजाला जेवढं प्रेम मिळतं, तेवढं गडाकडे जाणाऱ्या जंगलातल्या वाटेला मिळत नाही, असं माझं मत झालंय. दरवाजासमोर फोटो निघतो, चरासमोर कोण काढणार? आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. उत्साहानं कुदळ घेऊन निघू नका. राखीव जंगलात वनखात्याची आणि संरक्षित गडांवर पुरातत्त्व विभागाची परवानगी असल्याशिवाय एक दगडही हलवता येत नाही, आणि येऊही नये. सिएटललासुद्धा आम्ही काय करायचं ते आधी जागेचा मालक, म्हणजे सरकारी खातंच ठरवायचं.

जाणार असाल तर...

ऑनसाइटला सिएटल, पोर्टलंड, डेनव्हर अशा ठिकाणी असाल, तर तिथल्या ट्रेल संस्थेच्या साइटवर जाऊन शनिवारची तारीख निवडायची, बस्स. अनुभव लागत नाही. हेल्मेट आणि हत्यारं तेच देतात. इथं असाल, तर एखाद्या परवानगीनं काम करणाऱ्या दुर्गसंवर्धन संस्थेच्या मोहिमेत नाव द्या आणि वाटेवरच्या कामाला माणसं हवी आहेत का, ते मुद्दाम विचारा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, घोट्यापर्यंतचे बूट. स्नीकर्स नकोत, पायावर दगड पडला तर त्यांचा उपयोग नाही. दोन लिटर पाणी, भरपूर डबा, कारण तुमचा चिवडा फिरणारच. हत्यार चालवताना दुसऱ्यापासून दोन दांडे अंतर. उताराच्या खालच्या बाजूला माणूस असताना वर दगड हलवायचा नाही. कोरडे मोजे गाडीत ठेवा. आणि रविवार मोकळा ठेवा, उठवणार नाही.